क्लिक एक, उघडतं दोनदा: माऊस बदलताना गेलेले आठ आठवडे

३ जून २०२४, सोमवार. पाककृतींच्या एका पुस्तकाचं डीटीपी चालू होतं आणि चौथ्या प्रकरणाच्या फोटोंचं फोल्डर जागेवर नव्हतं. चाळीस मिनिटं शोधल्यावर ते तिसऱ्या प्रकरणाच्या फोल्डरच्या पोटात सापडलं. दुसरीकडे ओढून नेताना ते मधेच सुटलं होतं आणि मला पत्ताही लागला नव्हता.

त्याआधीचे पंधरा दिवस माऊस बिघडल्याच्या बारीकसारीक खुणा दिसत होत्या. फाइल नुसती निवडायला क्लिक करावं तर ती उघडायची. परिच्छेद निवडत खाली येताना मधेच निवड तुटायची. शनिवारी रात्री मी, नाशिकचा माझा भाऊ आणि त्याचा तेरा वर्षांचा मुलगा असे तिघं 'एज ऑफ एम्पायर्स २' हा संगणकावरचा लढाईचा खेळ खेळतो. त्यात सैन्य निवडायचं तर बटण दाबून धरून चौकट ओढावी लागते. माझी चौकट दर वेळी अर्ध्यात तुटायची आणि निम्मंच सैन्य पुढे जायचं. "आत्या, बाकीचे कुठे राहिले?" असं भाचा फोनवर विचारायचा. मला वाटायचं, माझंच बोट सुटतंय.

बोट सुटत नव्हतं. पण नवा माऊस घ्यायच्या आधी याची खात्री करणं फार गरजेचं आहे, म्हणून मी काय काय केलं ते सांगते. आधी तोच माऊस शेजारच्यांच्या लॅपटॉपला लावला. तिथेही तेच झालं, म्हणजे दोष माझ्या संगणकात नव्हता. मग सेटिंग्जमध्ये जाऊन डाव्या बटणाचं काम उजव्या बटणाला दिलं. विंडोज ११ मध्ये माऊसच्या पानावर पहिलाच पर्याय तो आहे. अर्धा दिवस उजव्या बटणाने काम केलं आणि एकदाही डबल क्लिक झालं नाही. म्हणजे दोष डाव्या बटणाच्या स्विचमध्येच होता. या युक्तीचा आणखी एक फायदा म्हणजे नवा माऊस येईपर्यंत निदान महत्त्वाच्या फाइल तरी सुरक्षित राहतात.

असं का होतं, हे मला डोंबिवलीत आमच्या रस्त्यावर मोबाइल आणि लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या दादांनी एक जुना माऊस उघडून दाखवलं. बटणाखाली एक छोटा स्विच असतो आणि त्यात तांब्याच्या मिश्रधातूची अगदी पातळ पट्टी असते. बटण दाबलं की ती पट्टी खालच्या टोकाला टेकते. टेकताना ती क्षणभर थरथरते, उसळते. माऊसमधल्या चिपला ते माहीत असतं, म्हणून पहिल्या स्पर्शानंतरचे काही मिलिसेकंद ती दुर्लक्ष करते. पट्टीतला ताण कमी झाला किंवा टोकावर काळपट थर चढला की ही थरथर लांबते, चिपची वाट पाहायची मुदत उलटून जाते आणि तिला दुसरं क्लिक ऐकू येतं. दाबून धरलेलं असताना पट्टी क्षणभर उचलली गेली तर ओढत नेलेली वस्तू तिथेच पडते. माझं फोल्डर असंच पडलं होतं.

दादा म्हणाले, "ताई, स्विच बदलून देतो, अडीचशे रुपये होतील. पण वॉरंटी आहे का बघा आधी. उघडला की वॉरंटी गेली." माऊसचे स्क्रू बहुतेक वेळा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात, त्या पट्ट्या उचकटल्या की ते लगेच ओळखू येतं. त्यांनी अडीचशे रुपये घेऊन मोकळं न होता हे सांगितलं, याबद्दल मला त्यांचे मनापासून आभार मानायचे आहेत.

वॉरंटी होती. माऊस १९ ऑगस्ट २०२१ रोजी घेतलेला, मुदत ३ वर्षांची. म्हणजे अडीच महिने हातात होते. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण मला प्रक्रिया सांगायची आहे आणि ती थोड्याफार फरकाने सगळीकडे अशीच असणार.

५ जूनला मेल केली. दुसऱ्या दिवशी आपोआप येणारं उत्तर आलं, त्यात तक्रारीचा क्रमांक होता. ११ जूनला त्यांनी चार गोष्टी मागितल्या: खरेदीचं बिल, सिरियल नंबरचा फोटो, दोष दिसेल असा व्हिडिओ, आणि त्या व्हिडिओत त्या दिवसाची तारीख व तक्रार क्रमांक लिहिलेला कागद. सिरियल नंबरचं स्टिकर माऊसच्या तळाला होतं आणि तीन वर्षांच्या घासण्याने त्यावरचे आकडे पुसट झाले होते. दोन आकडे तर वाचताच येईनात. नशिबाने माळ्यावर खोकं सापडलं, त्याच्या बाजूला तोच नंबर छापलेला होता. डबल क्लिकचा व्हिडिओ काढतानाही अडचण आली, कारण कॅमेरा समोर आला की माऊस नीट चालायचा. शेवटी फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवून सलग अकरा मिनिटं चित्रण केलं आणि त्यातला दोष दिसणारा पाऊण मिनिटाचा तुकडा पाठवला. क्लिकचा आवाज एकदाच येतो आणि पडद्यावर फाइल उघडते, हे दोन्ही एकाच चौकटीत यायला हवं.

१८ जूनला उत्तर आलं की बिलावरचं नाव तुमचं नाही. ते खरंच होतं. लॉकडाऊनच्या काळात आमच्या तेव्हाच्या ऑफिसने घरून काम करणाऱ्यांसाठी माऊस घेतले होते, बिल ऑफिसच्या नावाने, त्यांच्या जीएसटी क्रमांकासह. मी २०२२ मध्ये नोकरी सोडली तेव्हा माऊस माझ्याकडेच राहू दिला होता. आता कंपनीला ऑफिसच्या लेटरहेडवर पत्र हवं होतं की ही वस्तू आम्ही या व्यक्तीला दिली आहे आणि तिच्या वॉरंटीचा दावा ही व्यक्ती करू शकते.

ते वाचून मी मेल बंद केली आणि तासभर काहीच केलं नाही. दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या ऑफिसला एका माऊससाठी पत्र मागायचं, याचा मला खूप संकोच वाटला. १९ जूनला एचआरमधल्या ताईंना मेसेज केला. मसुदा मीच लिहून पाठवला, चार ओळींचा, सिरियल नंबर आणि बिल क्रमांक घालून. त्यांना फक्त लेटरहेडवर घेऊन सही-शिक्का करायचा होता. २८ जूनला पत्र आलं आणि सोबत "अजून लागलं काही तर सांग गं" असंही. तुम्हाला कुणाकडून असं पत्र हवं असेल तर मसुदा स्वतः करून द्या. समोरच्याचं काम दहा मिनिटांवर येतं.

या सगळ्या काळात पुस्तकाचं काम थांबणार नव्हतं. त्यामुळे नव्या माऊसचा शोध समांतर चालू होता, आणि त्याची सुरुवात चुकीचीच झाली. ७ जूनला मी घाईने ऑनलाइन एक ६४९ रुपयांचा, रंगीत दिवे लागणारा माऊस मागवला. जाहिरातीत मोठ्ठं '१२,८०० डीपीआय' लिहिलेलं होतं आणि मला वाटलं, आकडा मोठा म्हणजे माऊस चांगला. १० तारखेला आला. त्याचं चाक खाली फिरवलं की मधेच पान वर उडी घ्यायचं. त्या वस्तूवर फक्त 'बदलून मिळेल' असं होतं, 'पैसे परत' नव्हतं, आणि हा फरक मी खरेदी करताना वाचला नव्हता. १४ तारखेला बदलून आला, त्याचंही तेच. दुसऱ्यांदा तक्रार केल्यावर मात्र पैसे परत आले, २२ जूनला. दोन वेळा खोकं भरणं, दोन वेळा माणसाची वाट पाहत घरी थांबणं. पैसे वाचले, पण पंधरा दिवस गेले.

त्यानंतर मी शांतपणे बसून वही काढली.

पहिल्यांदा डीपीआय म्हणजे काय ते समजून घेतलं. माऊस एक इंच सरकला की तो संगणकाला किती पावलं मोजून सांगतो, तो हा आकडा. माझा पडदा आडवा १,९२० बिंदूंचा आहे. ८०० डीपीआयला हात २.४ इंच, म्हणजे साधारण ६ सेंटिमीटर सरकला की कर्सर या टोकाहून त्या टोकाला जातो. १६,००० ला तेच अंतर ३ मिलिमीटरमध्ये संपेल. दोन अक्षरांमधली केसाएवढी जागा जुळवणाऱ्या माणसाला ३ मिलिमीटरमध्ये अख्खा पडदा नको असतो. त्या दिवसापासून मी खोक्यावरचा तो आकडा वाचायचंच सोडलं.

दुसरा आकडा पोलिंग रेटचा. १२५ हर्ट्झ म्हणजे माऊस दर ८ मिलिसेकंदांनी आपली जागा कळवतो, १,००० हर्ट्झ म्हणजे दर १ मिलिसेकंदाने. माझा पडदाच मुळात सेकंदाला ६० वेळा बदलतो, म्हणजे दर साडेसोळा-सतरा मिलिसेकंदांनी. तरीही खेळासाठी १,००० असलेला बरा, कारण हालचाल गुळगुळीत वाटते. पण त्यापुढच्या ४,००० आणि ८,०००साठी माझ्यासारखीने जास्तीचे पैसे देण्यात अर्थ नाही, या मतावर मी आले. वायरलेसमध्ये नुसतं ब्लूटूथ असलेला माऊस खेळाला कमी पडतो. सोबत २.४ गिगाहर्ट्झचं डोंगल, म्हणजे संगणकाच्या यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर, असलेलाच बघायचा, हेही वहीत गेलं.

मग हात मोजला. आकड्यांच्या गर्दीत हीच गोष्ट मागे पडते आणि माझ्या मते तीच सगळ्यात आधी यायला हवी. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १७ सेंटिमीटर, आणि अंगठा सोडून चार बोटांची रुंदी ७.८. पकड कोणती हे ओळखायला मी जुना माऊस खिडकीपाशी तिरका धरला. जिथे हात टेकतो तिथलं प्लॅस्टिक चकचकीत झालं होतं: दोन्ही बटणांची टोकं, डावी कड, आणि पाठीचा फक्त मागचा भाग. मधली पाठ तशीच खरबरीत होती. म्हणजे माझा तळहात माऊसवर पूर्ण पसरत नाही, बोटं वाकडी राहतात. तुमचा जुना माऊस फेकण्याआधी असा उजेडात धरून बघाच. आपण कसे धरतो हे आठवून सांगताना हमखास चुकतं, पण झिजलेलं प्लॅस्टिक बरोबर सांगतं.

ठाण्याच्या मैत्रिणीने तिचा एमएक्स मास्टर ३एस हा लॉजिटेकचा माऊस आठवडाभर वापरायला दिला. अंगठ्यापाशी आडवं फिरणारं वेगळं चाक आहे त्याला, लांबलचक एक्सेलमध्ये ते इतकं सुखाचं वाटलं की परत देताना वाईट वाटलं. क्लिकचा आवाजही जवळजवळ येत नाही. पण वजन १४१ ग्रॅम आणि रुंदी ८ सेंटिमीटरच्या वर. शनिवारच्या खेळात तासाभरातच मनगट जड झालं, कारण खेळात आपण माऊस सारखा उचलून परत ठेवतो. शिवाय किंमत तेव्हा दहा हजारांच्या घरात. दिवसभर फक्त ऑफिसचं काम असेल आणि हात मोठा असेल तर तो जरूर बघा. माझ्या वहीत मात्र यानंतर तीन ओळी उरल्या: १०० ग्रॅमच्या आत, लांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास, अंगठ्याला दोन बटणं. बजेट ३,०००.

२९ जूनच्या शनिवारी मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, त्यामुळे एक दिवसाचं काम मागेपुढे करून शनिवार मोकळा केला. डोंबिवलीहून दादर, तिथून वेस्टर्नची स्लो गाडी पकडून ग्रँट रोड, आणि पूर्वेला बाहेर पडून चालत. पाऊस होता. बॅगेत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप, माझा रोजचा माऊसपॅड आणि ती वही.

पहिल्या दोन दुकानांत खोकं उघडून दाखवायला नकार मिळाला. तिसऱ्या दुकानात काउंटरवर एक तरुण मुलगा होता, त्याच्याकडे तीन माऊस दाखवायला बाहेर काढून ठेवलेले होते. मी वही उघडली तसा तो म्हणाला, "ताई, आकडे राहू द्या. डोळे मिटा, हात उचला आणि परत ठेवा. अंगठा बटणावर आपोआप गेला तर तो तुमचा."

मी तसं केलं. रेझर डेथअॅडर इसेन्शियल १२.७ सेंटिमीटरचा आहे. त्याच्यावर हात टेकायला छान वाटलं, पण पुढच्या बटणापर्यंत पोचायला मला अंगठा ताणावा लागला. लॉजिटेक जी१०२ आणि जी३०४ यांचा आकार एकच, ११.७ सेंटिमीटरला थोडा कमी. दोन्हींवर अंगठा बरोबर जाऊन बसला. मग लॅपटॉप उघडला, फाइल ओढल्या, एक पान झूम करून दोन अक्षरांमधली जागा हलवून बघितली, चाक दाबून बघितलं. मधल्या चाकाचं क्लिक किती घट्ट आहे हे कुठल्याच खोक्यावर लिहिलेलं नसतं आणि माझ्या कामात ते दिवसातून शेकडो वेळा लागतं.

आता प्रश्न वायरचा होता. जी१०२ वायरवाला, वायर सोडून ८५ ग्रॅम, त्या दिवशी १,६५० रुपये. जी३०४ वायरलेस, एका डबल ए सेलवर चालणारा, सेलसह ९९ ग्रॅम, २,८५० रुपये. बाराशे रुपयांचा फरक. माझं टेबल लहान आहे, त्यावर प्रुफांचे गठ्ठे असतात आणि जुन्या माऊसची वायर त्या गठ्ठ्यांत रोज अडकायची. मी जी३०४ घेतला. तुमचं टेबल मोकळं असेल तर वायरवाला घ्या आणि फरकाचे पैसे वाचवा, आकार दोन्हींचा एकच आहे.

"बिलाशिवाय घेता का? सव्वीसशेला देतो," असं दुकानाच्या मालकांनी मागून विचारलं. ऑफिसच्या पत्राची कहाणी ताजी होती, त्यामुळे मी पक्कं बिलच मागितलं. माझ्या स्वतःच्या नावाने, सिरियल नंबर लिहून, वॉरंटीची मुदत लिहून. खोक्यावरच्या स्टिकरवरचं आयात करणाऱ्याचं नाव आणि महिना-वर्षही वाचून घेतलं. शेजारच्या दुकानातून ३५० रुपयांचा कापडी माऊसपॅड घेतला, कारण माझा जुना मधोमध गुळगुळीत झाला होता आणि त्यावर नवा माऊस नीट तपासता येणार नव्हता.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी धक्का बसला. कर्सर अडखळत होता. मला वाटलं, पुन्हा तेच सुरू झालं. पण डोंगल मी संगणकाच्या मागे लावलं होतं, बाहेरच्या हार्ड डिस्कच्या शेजारी. यूएसबी ३ वर चालणाऱ्या वस्तू आणि त्यांच्या केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच विद्युत गोंगाट करतात आणि डोंगलला माऊसचा आवाज त्यात ऐकू येत नाही. खोक्यात एक छोटी एक्स्टेन्शन वायर असते, ती कशासाठी हे तेव्हा कळलं. तिने डोंगल टेबलावर, माऊसपासून वीतभर अंतरावर आणून ठेवलं आणि अडखळणं तिथल्या तिथे थांबलं. वायरलेस माऊस बिघडला असं वाटलं तर परत करायला निघण्याआधी डोंगल पुढे आणून बघा.

आणखी दोन बदल केले. विंडोजमधला 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' हा पर्याय बंद केला. तो चालू असताना हाताच्या वेगानुसार कर्सरचं अंतर बदलतं, त्यामुळे हाताला अंदाज बसत नाही. पहिले तीन दिवस विचित्र वाटलं, चौथ्या दिवशी बसला. आणि डीपीआयच्या पायऱ्यांपैकी ८०० आणि १,६०० एवढ्या दोनच ठेवल्या. वजन अजून कमी करायचं असेल तर साध्या अल्कलाइन सेलऐवजी लिथियमचा डबल ए सेल घालता येतो, तो सात-आठ ग्रॅमने हलका असतो. मी एक आणला. माऊसची मागची बाजू जरा जड लागायची, ती बरीच कमी झाली.

६ जुलैच्या शनिवारी चौकट एकदाही तुटली नाही. भाच्याने काही विचारलं नाही, मीच त्याला सांगितलं.

वॉरंटीचं मात्र अजून बाकी होतं. पत्र पाठवून बारा दिवस झाले तरी उत्तर नव्हतं. १० जुलैला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी मराठीत सगळं ऐकून घेतलं, तारखा विचारल्या, मेलचे स्क्रीनशॉट अपलोड करायला सांगितले आणि नोंदणी क्रमांक दिला. वीस मिनिटांत झालं, एक पैसाही खर्च नाही. १२ जुलैला कंपनीची मेल आली, माऊस पाठवा. १५ जुलैला कुरिअर केला, १३० रुपये माझ्या खिशातून, आणि पावतीचा फोटो त्यांना लगेच पाठवला. या फोनमुळेच काम हललं का, हे ठरवणं मला शक्य नाही. पण नवरा म्हणाला होता, "सोडून दे ना आता, नवा आलाय," आणि मी सोडलं नाही याचं मला समाधान आहे.

२९ जुलै, सोमवार, दुपारी बदललेला माऊस आला. तेच मॉडेल, नवा सिरियल नंबर. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की वॉरंटी मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजली जाईल, म्हणजे १८ ऑगस्टपर्यंत. वीस दिवस. मी खोकं उघडल्या उघडल्या तळाच्या स्टिकरचा फोटो काढला, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावली, आणि लगेच सासऱ्यांच्या संगणकाला तो जोडला. त्यांना सांगितलं, बाबा, हे वीस दिवस भरपूर वापरा, आणि एकदा दाबून दोनदा काही उघडलं तर त्याच दिवशी मला सांगा.